‘कायमेरा’ म्हणजे नेमकं काय? देवणी कालवडीपासून सशाच्या शिंगापर्यंत

आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. लातूर जिल्ह्यातल्या देवणी भागात एका शेतकऱ्याच्या गायीला साडेतीन वर्षांपूर्वी जुळं झालं, एक गोऱ्हा आणि एक कालवड. गोऱ्हा चांगला भरला. कालवडही अंगानं दणकट, पण अजून एकदाही माजावर आली नाही. तपासायला आलेल्या डॉक्टरांनी सांगितलं, “ही फ्रीमार्टिन आहे, रक्तानं कायमेरा आहे, हिच्यावर आता खर्च करू नका.” घरी दहावीतल्या मुलीनं मोबाइलवर हा शब्द शोधला. आधी आग ओकणारी राक्षसीण निघाली, मग समुद्रातला मासा, मग कॅन्सरचा उपचार, आणि एका शब्दकोशात नुसतंच ‘भ्रम’. आजीनं वेगळीच धास्ती घेतली, कारण घरात धाकट्या भावाला सहा महिन्यांची जुळी लेकरं आहेत, एक मुलगा, एक मुलगी. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत: या शब्दाचा खरा अर्थ कोणता, कालवडीचं काही होईल का, आणि लेकरांचं काय.

लेकरांचं आधी सांगतो, कारण तो प्रश्न जिवाला लागणारा आहे. जुळ्या भावासोबत जन्मली म्हणून मुलगी वांझ होत नाही. गायीत होतं ते माणसात होत नाही. माणसाच्या जुळ्यांमध्ये क्वचित थोडं रक्त एकमेकांत मिसळतं, पण त्यानं मुलीच्या गर्भाशयाला बाधा येत नाही. १९५३ साली इंग्लंडमध्ये एका रक्तदान करणाऱ्या तरुण बाईच्या रक्तात ‘ओ’ आणि ‘ए’ अशा दोन गटांच्या पेशी एकत्र सापडल्या. चौकशी केली तेव्हा कळलं की तिला जुळा भाऊ होता आणि तो तीन महिन्यांचा असताना वारला होता. त्याच्या रक्ताचं बी पंचवीस वर्षं तिच्या हाडांच्या मगजात जिवंत होतं, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता. माणसातला हा रक्ताच्या कायमेऱ्याचा पहिला नोंदलेला दाखला. आजींना हे नीट समजावून सांगा. आपल्याकडं पोरीच्या नावाला असा एखादा शब्द चिकटला की तो लग्नापर्यंत पाठ सोडत नाही.

आता कालवड. गायीच्या पोटात दोन वासरं असली की बहुतेक वेळा त्यांच्या वारींच्या (म्हणजे जारेच्या) रक्तवाहिन्या एकमेकींना जोडल्या जातात, आणि हे फार लवकर घडतं, गाभण राहिल्यापासून महिना-दीड महिन्यात. तिथून पुढं दोघांचं रक्त एक होतं. गोऱ्ह्याची वृषणं आधी तयार होतात. त्यांतून जे संप्रेरक सुटतं त्याचं कामच मुळी गर्भाशय घडवणाऱ्या नळ्या विरघळवण्याचं असतं. गोऱ्ह्याच्या अंगात ते योग्य, पण जोडलेल्या रक्तातून ते बहिणीच्या अंगातही पोचतं आणि तिचं गर्भाशय घडण्याआधीच खुंटतं. बीजकोश खुरटतात, कधी त्यांना वृषणासारखं रूप येतं. जननमार्ग आत थोडा जाऊन बंद होतो. अशा कालवडीला फ्रीमार्टिन म्हणतात. बाहेरून मात्र ती कालवडच दिसते, आणि म्हणूनच माणूस वर्षानुवर्षं वाट पाहत बसतो.

त्याच जोडलेल्या रक्तातून दुसरी एक गोष्ट घडते, आणि डॉक्टर ‘कायमेरा’ म्हणाले ते तिच्यामुळं. रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी भावाकडून बहिणीकडं आणि बहिणीकडून भावाकडं जातात आणि तिथं कायमच्या रुजतात. तुमच्या कालवडीच्या रक्तात आज तिच्या स्वतःच्या मादीपेशी आहेत, आणि भावाकडून आलेल्या नरपेशीही आहेत. तिची कातडी, मांस, हाडं मात्र तिचीच. दोन वेगळ्या गर्भधारणांतून, म्हणजे दोन वेगळ्या फलित बीजांतून, आलेल्या पेशी एका देहात शेजारी शेजारी नांदतात, एकमेकींत विरघळत नाहीत. जीवशास्त्रातला कायमेरा म्हणजे एवढंच. यात राक्षसी काही नाही, कुणाचा शाप नाही, आणि गाय भरवताना तुमची काही चूक झाली असंही नाही.

ज्या कालवडीला कुणी दारात उभं करत नाही तिनं माणसांना काय दिलं, हे मुलीला जरूर सांगा. १७७९ साली जॉन हंटर या स्कॉटिश शल्यविशारदानं फ्रीमार्टिनवर पहिला सविस्तर निबंध लिहिला. १९१६ च्या सुमारास अमेरिकेत फ्रँक लिली यानं जोडलेल्या रक्तवाहिन्यांचं कारण मांडलं. मग १९४५ साली रे ओवेन यानं दाखवलं की गायीच्या जुळ्या वासरांच्या अंगात एकमेकांच्या रक्तपेशी आयुष्यभर राहतात आणि शरीर त्यांना परकं मानत नाही. गर्भात असतानाच ओळख झाली तर देह परक्यालाही आपलं म्हणतो, या सूत्रावर पुढं पीटर मेडावर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम केलं. जुळ्या वासरांची कातडी एकमेकांच्या अंगावर लावली तर ती टिकते, हेही त्यांनी पाहिलं. १९६० चं नोबेल मेडावर आणि बर्नेट यांना याच विषयासाठी मिळालं. आज मूत्रपिंड किंवा यकृत बदलताना जो सगळा विचार होतो, त्याच्या मुळाशी गोठ्यातली ही जुळी वासरं आहेत.

उपचाराचं विचाराल तर नाही, काही होणार नाही. जो अवयव घडलाच नाही तो इंजेक्शननं घडत नाही. हे मी अनुभवानं सांगतो आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी अहमदपूरकडच्या एका शेतआखाड्यावर अशीच एक देखणी कालवड होती. मी तिला जंताचं औषध दिलं, क्षारमिश्रण चालू केलं, मग संप्रेरकांची इंजेक्शनं दिली. आठ महिने गेले. घरधन्यानं त्या पायी ज्वारीची काही पोती विकली होती, हे मला नंतर कळलं. एके दिवशी घरातली म्हातारी ओसरीवरून सहज बोलली, “हिच्या जोडीला गोऱ्हा होता की, दुसऱ्याच दिवशी गेला.” मी तो एक प्रश्न विचारलाच नव्हता. त्या दिवसापासून न माजणाऱ्या कालवडीला हात लावायच्या आधी मी ‘ही एकटी जन्मली का?’ असं विचारतो, आणि घरातल्या बाईमाणसांना विचारतो, कारण वेत कसं झालं हे त्यांच्याच ध्यानात असतं. देवणी कालवड मुळातच उशिरा माजावर येते, त्यामुळं मालकही सबुरीनं घेतो आणि दोन-तीन वर्षांचा कडबा उगाच जातो. त्यातलं एखादं साल दुष्काळाचं निघालं तर हिशेबच करायला नको.

पण गोऱ्ह्यासोबत जन्मली म्हणून लगेच निकाल लावू नका. अशा शंभरातल्या नव्वदाहून अधिक कालवडी वांझ निघतात. उरलेल्यांत रक्तवाहिन्या जोडल्याच गेलेल्या नसतात, आणि त्या पुढं व्यवस्थित वितात. म्हणून तपासणी करायचीच. आठवडा ते महिनाभराच्या निरोगी कालवडीत जननमार्गाची लांबी साधारण १२ ते १५ सेंटिमीटर भरते, फ्रीमार्टिनमध्ये ५ ते ८. गुळगुळीत, बोथट टोकाची नळी वंगण लावून हळूच घालून हे कळतं, आणि ते डॉक्टरकडूनच करून घ्यायचं. योनिमुखाच्या खालच्या कोपऱ्यावर केसांचा झुपका आणि दाणा मोठा असेल तर संशय बळावतो. पक्कं करायचं असेल तर रक्तात नराचं वाय गुणसूत्र सापडतं का, ही प्रयोगशाळेतली चाचणी आहे. आणखी एक गोष्ट, एकटी जन्मलेली कालवडही क्वचित फ्रीमार्टिन असू शकते. जोडीचा गोऱ्हा गर्भातच लवकर जिरून गेलेला असतो, आणि कुणाला कळतही नाही.

तुमच्या गोऱ्ह्याच्या रक्तातही बहिणीच्या पेशी आहेत. बैल म्हणून त्याला काहीच अडचण नाही. वळू म्हणून ठेवायचा असेल तर आधी वीर्य तपासून घ्या, कारण अशा काही नरांत प्रत कमी निघते. आणि त्याच्या वंशाची डीएनए चाचणी करायची वेळ आली तर रक्त पाठवू नका, शेपटीचे केस मुळासकट उपटून पाठवा. रक्तात दोघांचा डीएनए असतो, केसांच्या मुळात त्याचा एकट्याचा. माणसांतही या घोळानं लोक कोर्टापर्यंत गेले आहेत. अमेरिकेत २००२ च्या सुमारास एका आईची तिच्याच पोटच्या लेकरांशी डीएनए जुळत नाही म्हणून तिच्यावर फसवणुकीचा संशय घेतला गेला. शेवटी तिच्या देहातल्या दुसऱ्या जागेचा नमुना घेतला तेव्हा तो जुळला. तिच्या अंगात दोन गर्भांच्या पेशी होत्या. ती स्वतःच आपली जुळी बहीण होती, म्हणा.

आता सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो ‘संकर’ आणि ‘कायमेरा’ यांत. होल्स्टिनचं रेतन केलेल्या गावरान गायीचं वासरू संकरित असतं, कायमेरा नव्हे. देवणी जातच मुळी गीर, डांगी आणि इथल्या स्थानिक जनावरांच्या मिश्रणातून उभी राहिली असं मानतात, पण म्हणून ती कायमेरा होत नाही. संकरात आई-बापाचा वारसा प्रत्येक पेशीत एकजीव झालेला असतो. घोड्याची गुणसूत्रं ६४, गाढवाची ६२, आणि खेचराच्या प्रत्येक पेशीत ६३, डोक्यापासून खुरापर्यंत एकच हिशेब. कायमेऱ्यात ही पेशी एकाची आणि ती दुसऱ्याची. कालवलेलं पिठलं आणि डाळ-तांदूळ एका पोत्यात भरलेले, असा हा फरक आहे. पोतं उघडलं की डाळीचा दाणा डाळीचाच आणि तांदळाचा तांदळाचाच.

याचा नमुनेदार दाखला शेळी-मेंढीचा आहे. आपल्याकडं कळपात दोन्ही एकत्र चरतात, आणि “आमच्या मेंढीला बोकडापासून झालं” असं सांगणारा माणूस माळेगावच्या जत्रेत हमखास भेटतो. शेळीची गुणसूत्रं ६०, मेंढीची ५४, त्यामुळं असा खरा संकर सहसा जगत नाही. पण १९८४ साली केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी शेळीचा आणि मेंढीचा अगदी कोवळा गर्भ एकत्र जोडून एक जनावर जन्माला घातलं. त्याच्या अंगावर कुठं लोकरीचे पट्टे, कुठं शेळीचे केस. ते कायमेरा. त्याला चार जन्मदाते होते.

ठिपक्यांनी मात्र फसू नका. शेवेरा देवणीच्या पांढऱ्या अंगावर काळे डाग असतात, देवणीच्याच वानेरा प्रकाराचं तोंड काळं असतं. ते रंगपेशी गर्भात कुठवर पोचल्या याचा खेळ आहे, पेशी सगळ्या एकाच गर्भाच्या. तिरंगी मांजरीचंही तसंच. एकाच गर्भधारणेतून आलेल्या पेशींत पुढं फरक पडला तर त्याला मोझेक म्हणतात. दोन गर्भधारणा असल्याशिवाय प्राण्याला कायमेरा म्हणू नये, असं माझं ठाम मत आहे. वर्तमानपत्रं हे दोन शब्द सर्रास अदलून बदलून वापरतात.

वनस्पतीत नियम थोडा सैल आहे. जीवशास्त्रात हा शब्द आलाच मुळी झाडांवरून. १९०७ साली हान्स विंकलर या जर्मन शास्त्रज्ञानं टोमॅटो आणि कामोणीच्या जातीचं झाड यांचं कलम बांधलं. जोडावर फुटलेल्या एका कोंबाची एक बाजू टोमॅटोची आणि दुसरी बाजू दुसऱ्या झाडाची निघाली, त्याला त्यानं हे नाव दिलं. जालन्याकडची मोसंबी रंगपूर लिंबाच्या खुंटावर बांधतात, तिथं खाली एक झाड आणि वर दुसरं. त्या साध्या कलमाला कुणी कायमेरा म्हणत नाही, कारण हद्द ठरलेली आहे. पण जोडातूनच कोंब फुटला आणि त्यात दोघांच्या पेशी आल्या तर तो खरा कायमेरा. इटलीत सतराव्या शतकात असं एक लिंबूवर्गी झाड सापडलं होतं, एकाच फळात महाळुंगाची आणि आंबट संत्र्याची साल. आणि घरात पाहायचा असेल तर पिवळ्या काठाचा स्नेक प्लांट आणा. त्याचं नुसतं पान कापून लावलं तर नवीन रोप हिरवंच निघतं, पिवळा काठ गायब. काठाच्या आणि गाभ्याच्या पेशी वारशानं वेगळ्या आहेत आणि पानातून फुटणारा कोंब दोन्ही थर घेऊन येत नाही. काठ टिकवायचा तर मुळाजवळचा फुटवाच वेगळा करावा लागतो. दहावीच्या मुलीला कुंडीत करून पाहण्यासारखा याहून चांगला प्रयोग मला माहीत नाही.

डॉक्टरी जगात हा शब्द तीन-चार ठिकाणी येतो. दुसऱ्याच्या हाडांचा मगज बसवलेल्या रुग्णाचं रक्त दात्याचं होतं, म्हणजे तो रुग्ण रक्तानं कायमेराच, अगदी तुमच्या कालवडीसारखा. किती रक्त दात्याचं झालं हे पाहायला जी तपासणी करतात तिच्या नावातही हाच शब्द आहे. गरोदरपणात लेकराच्या काही पेशी आईच्या रक्तात जातात आणि राहतात. बाळंतपणाला २७ वर्षं झालेल्या बाईच्या रक्तातही मुलाच्या पेशी सापडल्याची नोंद १९९६ साली झाली. आईच्या अंगात लेकरू राहतं, हे आपल्या जात्यावरच्या ओव्यांत बायांनी केव्हाच म्हटलेलं असेल, पण सूक्ष्मदर्शकाखाली ते असं दिसावं याचं मला आजही अप्रूप वाटतं.

मुलीला सापडलेला कॅन्सरचा उपचार म्हणजे कार-टी. ‘कार’ (CAR) मधल्या इंग्रजी ‘सी’चा अर्थ कायमेरिक. रुग्णाच्याच पांढऱ्या पेशी काढून त्यांच्यावर एक कृत्रिम पकड बसवतात. त्या पकडीचा बाहेरचा भाग एका प्रथिनाचा, आतला दुसऱ्याचा, म्हणून तो शब्द. इथं दोन जीव नाहीत, एका रेणूचे दोन तुकडे जोडलेले आहेत. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून तयार झालेल्या भारतीय कार-टी उपचाराला २०२३ च्या ऑक्टोबरात मान्यता मिळाली. मासा म्हणाल तर तो शार्कचा दूरचा भाऊबंद, कुर्च्यांचा सांगाडा असलेला, खोल पाण्यातला. रूप विचित्र म्हणून लिनियसनं १७५८ साली त्याला हे नाव दिलं. त्याचा बाकीच्यांशी काही संबंध नाही.

राहिली ती मूळ राक्षसीण. उच्चार ‘चिमेरा’ नव्हे, कायमेरा किंवा कायमीरा. ग्रीक भाषेत खिमायरा म्हणजे शेळी, त्यातही एक हिवाळा पाहिलेली, आपण जिला पाट म्हणतो ती. होमरच्या काव्यात तिचं वर्णन पुढून सिंह, मागून साप, मध्ये शेळी असं आहे, आणि ती आग ओकते. पंखांच्या घोड्यावर बसून बेलेरोफोननं तिला मारलं. ज्या लिसियात ही कथा घडते तिथं, आजच्या तुर्कस्तानात, डोंगराच्या भेगांतून निघणारा वायू आजही पेटलेला असतो, आणि आगीची कल्पना तिथूनच आली असावी असं बरेच जण मानतात. इटलीत अरेझो गावी १५५३ साली तिची एक फार जुनी कांस्यमूर्ती जमिनीखाली सापडली. पाठीतून शेळीचं डोकं निघालेला तो सिंह आता फ्लॉरेन्सला आहे.

मुलीला हे परकं वाटलं तर वेरूळला घेऊन जा. २१ क्रमांकाच्या लेण्यात गंगा ज्या मकरावर उभी आहे त्याचा जबडा सुसरीचा, सोंड हत्तीची, शेपूट माशासारखं. दख्खनच्या किल्ल्यांच्या दरवाजांवर शरभ आहेत, देवळांच्या खांबांवर व्याल आहेत. इंग्रजीत लिहिणारे अभ्यासक अशा जनावरांनाही कायमेरा म्हणतात. फरक एवढाच की ग्रीकांनी ती मारायची म्हणून कल्पिली, आणि आपण ही दाराशी राखणीला बसवली.

आणि ‘भ्रम’? तोही अर्थ खरा आहे, पण कोशात नुसतं ‘भ्रम’ लिहून भागत नाही, कारण तो मृगजळासारखा नाही. मृगजळात नसलेलं पाणी दिसतं. कायमेऱ्यात सिंह खरा, शेळी खरी, साप खरा, फक्त त्यांची जोडणी अशक्य. म्हणून मी ‘सशाचं शिंग’ म्हणेन. ससा असतो, शिंगही असतं, सशाला शिंग नसतं. त्या अर्थानं एक कायमेरा तुमच्याही दारात येऊ शकतो. हाळी हंडरगुळीच्या बाजारात अशा कालवडीला माजावर आणण्याचं हमखास औषध देणारा कुणीतरी भेटेल. त्याला एक रुपयाही देऊ नका.

कालवड ठेवायची तर शेणखतासाठी आणि हलक्या कामासाठी ठेवा. विकायचीच झाली तर ती जुळ्यातली आहे हे घेणाऱ्याला सांगून विका. तोही तुमच्यासारखाच वेताची वाट पाहत बसेल. उस्मानाबादी शेळ्या असतील तर त्यांच्या जुळ्यांची काळजी नको. शेळीत वारींच्या रक्तवाहिन्या अशा क्वचितच जोडल्या जातात, त्यामुळं बोकडासोबत जन्मलेली पाट बिनधास्त वाढवा. गायीला मात्र पुन्हा जुळं झालं आणि त्यात गोऱ्हा-कालवड निघाली तर दोघांनाही पोटभर चीक पाजा, तारीख गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवा आणि दहाव्या दिवशी डॉक्टरांना बोलवून कालवड मोजून घ्या.